प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपचार झाल्यानंतर लघवीचा त्रास: घरी काय करायचं, डॉक्टरांना काय विचारायचं

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या अगदी खाली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधूनच जातो. त्यामुळे ग्रंथी काढली काय किंवा तिच्यावर किरणं दिली काय, लघवीवर परिणाम होतोच. बहुतेकांचा त्रास महिन्यामहिन्याने कमी होतो. तरीही बरेच पुरुष डॉक्टरांना ‘लघवी गळते’ एवढंच सांगतात आणि घरी येऊन पाणी पिणं कमी करतात. ही सवय सर्वांत आधी सोडा, कारण घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला टोचते आणि घाई आणखी वाढते.

गळण्याचे चार प्रकार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधू शकतं. खोकताना, शिंकताना, मांडी मोडून उठताना किंवा पिशवी उचलताना गळणं हा पहिला. अचानक जोराची घाई लागून संडासाच्या दारापर्यंत पोचायच्या आत कपडे ओले होणं हा दुसरा. लघवी करून हात धुतल्यावर चड्डीत चार थेंब पडणं हा तिसरा. आणि मूत्राशय नीट रिकामंच होत नसल्याने ते भरून सतत थेंबथेंब ओसंडणं हा चौथा. शस्त्रक्रियेनंतर मुख्यतः पहिला दिसतो, किरणांनंतर दुसरा. चौथा कोणालाही होऊ शकतो आणि तोच सगळ्यांत जास्त नजरेतून सुटतो. त्यावर चुकून घाई कमी करणारी गोळी दिली गेली, तर लघवी पूर्ण अडू शकते.

एक गोष्ट सुरुवातीलाच. वयामुळे वाढलेल्या प्रोस्टेटचं दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन, म्हणजे टीयूआरपी, आणि कर्करोगासाठी पूर्ण ग्रंथी काढणं ही दोन वेगळी ऑपरेशनं आहेत. ‘सोसायटीतले काका आठवड्यात फिरायला लागले’ अशी तुलना करून खचू नका.

कॅथेटर असतानाचे दिवस

ग्रंथी काढल्यावर मूत्राशयाचं तोंड आणि मूत्रमार्ग टाक्यांनी जोडलेले असतात. हा जोड भरून येईपर्यंत, साधारण ७ ते १४ दिवस, कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेर पिशवीत नेणारी नळी, राहतो. नळी मांडीला चिकटपट्टीने किंवा पट्ट्याने बांधा आणि थोडी सैल ठेवा, म्हणजे पाय हलवला तरी ओढ बसणार नाही. पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीवर टेकलेली नको. रिक्षातून फेरतपासणीला जाताना लोक ती मांडीवर घेऊन बसतात. तसं केल्याने पिशवीतली लघवी उलटी फिरते. पिशवी गुडघ्याखाली धरा आणि नळीला पीळ पडलेला नाही ना, ते पाहा. अर्धी-पाऊण भरली की रिकामी करा. जिथून नळी बाहेर येते ती जागा दिवसातून दोनदा साबण-पाण्याने धुवा आणि साचलेला थर निघेल असं हळुवार पुसून घ्या.

फिकट गुलाबी लघवी, अधूनमधून पोटात येणारी कळ आणि त्या वेळी नळीच्या कडेने थोडं गळणं हे या दिवसांत होतं. मात्र पिशवीत तासभर काहीच आलं नाही आणि ओटीपोट फुगून दुखू लागलं, रक्ताच्या गाठी पडल्या, थंडी वाजून ताप आला किंवा वृषणाला सूज आली, तर लगेच हॉस्पिटलला कळवा. कॅथेटर अचानक निघून आला, तर जवळच्या दवाखान्यात दुसरा घालून घेऊ नका. आंधळेपणाने घातलेली नळी कच्चा जोड फाडू शकते. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच किंवा त्यांच्या सांगण्यावरून यूरॉलॉजिस्टकडेच जा.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कारण कुंथण्याचा ताण थेट त्या जोडावर येतो. साधारण सहा आठवडे ५ किलोपेक्षा जास्त वजन उचलू नका. पाण्याची बादली आणि भरलेला गॅस सिलिंडर दोन्ही त्यात आले. दुचाकीही तेवढाच काळ बंद. पुण्यात हे कठीण वाटतं, पण सीटचा दाब आणि खड्ड्यांचे धक्के बरोबर त्या जागेवर बसतात. सायकल त्याहून अरुंद सीटची, तिला साधारण तीन महिने थांबा आणि आधी विचारा.

कॅथेटर काढल्यानंतर

कॅथेटर शक्यतो सकाळी काढून घ्या. लघवी अडली तर दिवसाउजेडी उपाय होतो. सोबत पॅड, घट्ट बसणारी चड्डी आणि जादा पँट न्या. चार-सहा तासांत लघवी झाली नाही आणि पोट दुखू लागलं तर परत जा.

पहिल्या दिवसांत पॅडमागून पॅड लागले तरी ऑपरेशन बिघडलं असं नाही. मूत्राशयाच्या तोंडाजवळची एक झडप ग्रंथीबरोबर बरीचशी जाते. खालचा स्फिंक्टर, म्हणजे मूत्रमार्गाला गोल वेढून असलेला स्नायू, आता एकट्याने काम करतो आणि त्याला ते शिकावं लागतं. सुधारणा सहसा एका क्रमाने येते: आधी रात्र कोरडी होते, मग बसलेलं असताना, मग चालताना आणि सगळ्यांत शेवटी उठताना, खोकताना. दिवसभर काम करून स्नायू थकतो, म्हणून संध्याकाळी जास्त गळतं. सकाळी कोरडे आणि सातनंतर ओले असाल, तर तुम्ही मागे गेलेला नाहीत. बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांत मोठा फरक दिसतो आणि वर्षापर्यंत सुधारणा चालू राहते.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम

हा व्यायाम ऑपरेशनच्या काही आठवडे आधी शिकलात तर उत्तम. कॅथेटर असताना करू नका, काढल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने पुन्हा सुरू करा. या व्यायामात चुका जवळजवळ सगळ्यांच्याच होतात, म्हणून थोडं सविस्तर.

गुडघे वाकवून पाठीवर झोपा. वारा अडवताना आणि लघवीची धार मध्येच थांबवताना जे आकसतं, ते दोन्ही एकदम हळूच वर ओढा. आरशात पाहिलंत तर लिंगाचं मूळ किंचित आत जाताना आणि वृषण थोडे वर उचलले जाताना दिसायला हवेत. तसं दिसलं, तर बरोबर स्नायू सापडला. मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा केलेल्यांना ही ओढ ओळखीची वाटेल, पण दोन फरक लक्षात ठेवा. इथे ओढ मागून नव्हे, पुढून सुरू झाली पाहिजे. आणि इथे कुंभक नाही, श्वास चालूच ठेवायचा. श्वास रोखला की पोटातला दाब वाढतो आणि आपण ज्याला वर उचलतो आहोत त्यालाच वरून खाली ढकलतो.

सुरुवातीला ३ ते ५ सेकंद धरा, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. असे १० वेळा. त्यानंतर झटकन आकसून झटकन सोडणारे १० वेळा. हे दिवसातून तीनदा. काही आठवड्यांत धरून ठेवण्याची वेळ १० सेकंदांपर्यंत न्या. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून करा, कारण गळतं उभ्यानेच. नितंब, मांड्या किंवा पोट घट्ट होत असेल तर जोर कमी करा. अर्ध्या ताकदीने केलेलं पण योग्य जागी केलेलं चांगलं. सोडण्याकडेही तितकंच लक्ष हवं. दिवसाला दोनशे-तीनशे वेळा करणाऱ्यांचा स्नायू थकतो, त्यांना संध्याकाळी जास्त गळतं आणि गुदद्वाराच्या पुढे दुखू लागतं. लघवी मध्येच थांबवून पाहणं हे फक्त स्नायू ओळखण्यापुरतं एकदा करा, त्याला व्यायाम बनवू नका. मूत्राशय अर्धवट रिकामं राहण्याची सवय लागते.

हा स्नायू योग्य क्षणी वापरला नाही, तर दिवसातून तीनदा केलेला व्यायाम वाया जातो. खोकला येणार असं वाटलं, खुर्चीतून उठायचं असलं, पिशवी उचलायची असली की आधी आकसा, मग ती हालचाल करा. ही सवय अंगवळणी पडायला आठवडे लागतात. महिना-दीड महिना करूनही फरक नसेल, तर पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे याच तळाच्या स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे एकदा तपासून घ्या. यूरॉलॉजी विभागात विचारलं तर नाव मिळतं. बहुतेक वेळा चुकीचाच स्नायू आकसला जात असतो.

चड्डीतल्या त्या चार थेंबांना मात्र व्यायामापेक्षा एक युक्ती जास्त उपयोगी पडते. लघवी झाल्यावर वृषणाच्या मागे, गुदद्वाराच्या पुढे दोन-तीन बोटं ठेवून हलका दाब द्या आणि बोटं पुढे, वृषणाकडे सरकवा. मूत्रमार्गाच्या वाकलेल्या भागात अडकलेली लघवी पुढे येते. दोन-तीनदा करा आणि मग झटका.

तीन दिवसांची नोंद आणि पॅडचं वजन

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवसांची नोंद करा. दुकानात मिळणारं ५०० मिलीचं मापाचं भांडं घ्या. वेळ, लघवी किती मिली, काय आणि किती प्यायलं, घाई होती का आणि गळलं असेल तर तेव्हा काय करत होतात, एवढं लिहा. रात्री झोपल्यापासून सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतची बेरीज वेगळी ठेवा. चोवीस तासांतल्या लघवीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग रात्री होत असेल, तर दोष मूत्राशयाचा नसून पायांवरची सूज, घोरण्याबरोबर श्वास अडणं, साखर किंवा संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी (‘पाण्याची’) गोळी यांचा असू शकतो.

गळण्याचं प्रमाण ‘चार पॅड’ असं सांगू नका. कोणी थोडा ओला झाला की बदलतो, कोणी ठिबकेपर्यंत ठेवतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. एका कोऱ्या पॅडचं वजन घ्या, चोवीस तासांतले वापरलेले पॅड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा आणि शेवटी एकत्र तोला. कोरा पॅड २५ ग्रॅमचा, चार पॅड वापरले, ओल्यांचं वजन ३४० ग्रॅम भरलं, तर २४० ग्रॅम, म्हणजे साधारण २४० मिली गळलं. महिन्यातून एकदा असं मोजलंत की सुधारणा होते आहे की नाही ते आकड्यात दिसतं, आणि पुढे शस्त्रक्रियेचा विचार झाला तर कोणती, हेही बरंचसं याच आकड्यावर ठरतं.

पॅड, त्वचा आणि कचरा

पुरुषांसाठी पुढून रुंद, मागे निमुळता असा वेगळा पॅड मिळतो. बायकांचा सॅनिटरी पॅड खाली शोषतो, आपली गळती पुढे असते, म्हणून तो कडेने ओला होतो. पॅड अंगाला घट्ट बसणाऱ्या चड्डीतच घाला. सैल पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत तो सरकतो आणि मग लोक उगाच मोठा डायपर घेतात. लांबचा प्रवास किंवा जास्त गळती यांसाठी पँटसारखा डायपर ठीक, घरी मात्र लहान पॅड पुरतो का ते पाहा. पहिल्यांदा छोटी पाकिटं दोन-तीन कंपन्यांची आणून बघा, मग मोठं पाकीट घ्या.

ओली जागा साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडी करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा. टाल्कम पावडर नको, तिचे गोळे होऊन कातडी घासते. जांघेत लाल चट्टा, कडेला बारीक ठिपके आणि खाज असेल तर बुरशी आहे, तिला वेगळं मलम लागतं. पावसाळ्यात अर्धवट वाळलेल्या चड्ड्यांनी ती हटकून येते.

वापरलेला पॅड कमोडमध्ये टाकू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा आणि वेगळा द्या. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना उघड्या हाताने तो चाळावा लागू नये, म्हणून पुण्यात ही पद्धत आहे.

कंडोम कॅथेटर, म्हणजे लिंगावर कंडोमसारखा चढवून नळीने पिशवीला जोडायचा, हा लांबच्या कामासाठी चांगला पर्याय. माप बरोबर हवं, लावण्याआधी त्वचा कोरडी हवी आणि रोज काढून कातडी पाहायला हवी. लिंगावर लावायचा क्लॅम्प मात्र जपून: एका वेळी जास्तीत जास्त दोन तास, झोपताना कधीच नाही, आणि मधुमेहामुळे तिथली संवेदना कमी झाली असेल तर मुळीच नाही.

किरणोपचार घेणाऱ्यांसाठी

किरणं सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत जळजळ, घाई आणि रात्री तीन-चारदा उठणं सुरू होतं. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ते ओसरतं. बऱ्याच ठिकाणी मूत्राशय भरलेलं ठेवून किरणं देतात, कारण मूत्राशयाचा बराच भाग वर सरकून किरणांपासून वाचतो. मापाचं पाणी घरी पिऊन हडपसरहून किंवा पिंपरीहून निघाल्यास वाहतुकीत अडकून हाल होतात. हॉस्पिटलला पोचल्यावर मूत्राशय रिकामं करा आणि मग त्यांनी सांगितलेलं माप, बहुधा ३०० ते ५०० मिली, सांगितलेल्या वेळी प्या. धरवत नसेल तर तंत्रज्ञाला स्पष्ट सांगा. टेबलावर कळ सोसत हलण्यापेक्षा दहा मिनिटं उशीर बरा.

घाई आली की पळू नका. थांबा, शक्य असल्यास बसा, तळाचे स्नायू पाच-सहा वेळा झटझट आकसा, लाट ओसरू द्या आणि मग सावकाश चालत जा. उपचार संपून जळजळ निवाल्यावर, दर तासाला जात असाल तर आठवड्याला १५ मिनिटांनी अंतर वाढवत अडीच-तीन तासांपर्यंत न्या. ‘बाहेर निघतोय तर जाऊन येतो’ असं दर अर्ध्या तासाला केलं, तर मूत्राशय थोड्याच लघवीला ओरडायला शिकतं. चहा, कॉफी, दारू आणि फार तिखट खाणं काहींना बाधतं, काहींना नाही. सगळं एकदम सोडू नका. एकेक पदार्थ आठवडाभर बंद करून नोंदवहीत फरक पडतो का ते पाहा.

जळजळ झाली की मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. आधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, करून घ्या. किरणांची जळजळ आणि जंतुसंसर्ग वरून सारखेच वाटतात.

किरणांचा उशिरा होणारा परिणाम काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही दिसतो: मूत्राशयाच्या आतल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून रक्त येतं. दुखत नसलं, एकदाच आलं आणि थांबलं, तरीही लघवीतल्या रक्ताची तपासणी, दुर्बिणीसकट, झालीच पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, पण ती चालू आहे हे सांगा. गाठी पडून लघवी अडली तर ती त्याच दिवशी हॉस्पिटलात जाण्याची वेळ आहे.

धार बारीक होत असेल तर

ऑपरेशननंतर आधी सुधारलेलं गळणं पुन्हा वाढलं, धार बारीक झाली, फाटू लागली, कुंथावं लागतं किंवा लघवी झाल्यावरही पोट भरलेलं वाटतं, तर जोडापाशी व्रण आकसून वाट अरुंद झाली असू शकते. हे बहुधा पहिल्या वर्षात होतं. इथे व्यायाम वाढवून उपयोग नाही. लघवीचा वेग मोजणारी युरोफ्लोमेट्री आणि लघवीनंतर किती उरते हे पाहणारी सोनोग्राफी मागा.

जुन्या चिठ्ठीतली औषधं

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं यूरॉलॉजिस्टना दाखवा. टॅमसुलोसिन प्रोस्टेटसाठी आधी चालू होतं म्हणून ग्रंथी काढल्यावरही काहीजण घेत राहतात. मूत्रमार्ग सैल करणं हेच तिचं काम, त्यामुळे गळणं वाढू शकतं. किरणांनंतर बारीक धारेसाठी तीच गोळी उपयोगी असते. ती घेणाऱ्यांनी रात्री पलंगावरून झटकन उठू नये, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावं. रक्तदाबासाठीच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो आणि प्रत्येक खोकल्याला गळतं. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनने लघवीचं प्रमाणच वाढतं. या गोळ्या स्वतः थांबवायच्या नसतात, पर्याय आहे का ते विचारायचं असतं. घाईसाठी सोलिफेनासिन दिलं तर तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं. काचबिंदू असेल तर आधी सांगा. मिराबेग्रॉन घेताना रक्तदाब मोजत राहा.

घराबाहेर आणि घरात

बालगंधर्वला नाटक असेल तर कडेची खुर्ची घ्या. शिवनेरीने मुंबईला निघताना स्टँडवर जाऊन या, कडक चहा पोचल्यावर प्या. टेकडीवर चढताना त्रास कमी होतो आणि उतरताना जास्त, म्हणून उतरण्याआधी पॅड बदला. गडद रंगाची पँट आणि झोळीत एक जादा चड्डी-पॅड-पिशवीचा संच, एवढं पुरतं. आंघोळ करून नवा पॅड घातल्यावर पूजेला बसायला, पंगतीला जायला, नातवंडाला मांडीवर घ्यायला काही हरकत नाही. अनेक जण सोवळ्याच्या किंवा वासाच्या भीतीने हे सोडून देतात, आणि गळण्यापेक्षा त्या एकटेपणाने जास्त खचतात. त्यांना घरच्यांनी आपणहून सोबत न्यावं.

संभोगाच्या वेळी, विशेषतः परमोच्च क्षणी, थोडी लघवी येणं ग्रंथी काढल्यानंतर होऊ शकतं. आधी मूत्राशय रिकामं करा, कंडोम वापरा, जवळ टॉवेल ठेवा. पत्नीला आधीच सांगून ठेवा. लघवी निर्जंतुक नसली तरी त्यातून कर्करोग लागत नाही. डॉक्टर हा विषय काढतीलच असं नाही, तेव्हा तुम्हीच विचारा.

सहा महिन्यांनंतरही गळत असेल तर

नीट व्यायाम करून सहा महिन्यांत सुधारणा थांबली असेल आणि त्रास मोठा असेल, तर वर्ष उलटण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्या: दुर्बिणीतून वाट आणि युरोडायनॅमिक्समधून मूत्राशयाचा दाब. गळती कमी ते मध्यम असेल आणि किरणं दिलेली नसतील, तर मूत्रमार्गाला खालून आधार देणारी जाळीची पट्टी, म्हणजे स्लिंग, बसवतात. दिवसाला सुमारे ४०० ग्रॅमहून जास्त गळत असेल किंवा किरणं झाली असतील, तर कृत्रिम स्फिंक्टर जास्त भरवशाचा. त्याचे तीन भाग असतात: मूत्रमार्गाभोवतीचा कफ, पोटातला फुगा आणि वृषणाच्या पिशवीतला पंप. पंप दाबला की कफमधलं पाणी फुग्यात जातं, लघवी होते, आणि काही मिनिटांत कफ आपोआप पुन्हा भरतो. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांनी तो सुरू करतात. पंप बोटांनी दाबता यायला हवा, त्यामुळे हाताला कंप किंवा स्मृतिभ्रंश असल्यास नीट विचार करावा. काही वर्षांनी तो बदलावाही लागू शकतो. त्याचं कार्ड पाकिटात ठेवा आणि घरच्यांनाही सांगा: पुढे कोणत्याही कारणाने कॅथेटर घालायची वेळ आली, तर आधी कफ रिकामा करून स्फिंक्टर उघड्या स्थितीत लॉक करून घ्यावा लागतो. तो तसा केला नाही तर मूत्रमार्गाला इजा होते.

हे उपकरण महाग आहे. हॉस्पिटलकडून उपकरण आणि ऑपरेशन वेगळं दाखवणारं लेखी अंदाजपत्रक घ्या आणि विमा कंपनीची पूर्वपरवानगी लेखीच मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा कक्ष असतो, तिथे या उपचाराचं नाव सांगून तो यादीत आहे का ते विचारा. वय ७० किंवा अधिक असेल तर २०२४ पासून उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान कार्डही काढता येतं. आधार कार्ड घेऊन जा.